तिकीट काढलंत, पण पंच केलंत का? इटलीच्या शहरांत मेट्रो, ट्राम आणि बोटीनं फिरताना

मुंबईच्या लोकलची कूपनं ज्यांनी वापरली आहेत त्यांना इटली अर्धी समजली असं मी म्हणतो. खिशात कूपनांची अख्खी पुस्तिका असली, तरी स्टेशनवरच्या मशिनमध्ये कूपन सरकवून त्यावर तारीख-वेळ उमटेपर्यंत तुम्ही विनातिकीटच. कूपनं बंद झाली आणि ती सवयही गेली. इटलीत मात्र ती पद्धत अजून जिवंत आहे, आणि आपल्याकडच्या प्रवाशांचे सगळ्यात जास्त पैसे तिथंच जातात.

आमचे जवळजवळ गेलेच होते. एका शहरात आई, मी आणि दोन बॅगा ट्रामच्या मागच्या दारानं चढलो. तिकिटं सकाळीच घेतलेली, आईच्या पर्समध्ये नीट घडी घालून ठेवलेली. तिसऱ्या स्टॉपला साध्या कपड्यांतले दोघं चढले, दारं बंद झाल्यावर गळ्यातली ओळखपत्रं बाहेर काढली आणि तिकिटं मागायला लागले. आईनं मोठ्या अभिमानानं तिकिटं दिली. त्यांनी ती उलटून पाहिली आणि मान हलवली. शिक्का नव्हता. आईचं म्हणणं एकच, "अरे, पैसे देऊन घेतलीत ना, मग?" त्या दिवशी आईच्या वयाकडे बघून त्यांनी समोर पंच करायला लावून सोडलं. पण ते नशीब. दंड पन्नास युरोंच्या पुढेही जाऊ शकतो, आणि "आम्ही पर्यटक आहोत, माहीत नव्हतं" हे तिथं रोज शंभर वेळा ऐकलं जातं.

आपल्या बसमध्ये कंडक्टर येतो, तिकीट फाडतो, आपली जबाबदारी संपते. इटलीतल्या शहरी बसमध्ये कंडक्टर नसतो. ड्रायव्हर सहसा तिकीट देत नाही आणि तुमच्याकडे बघतही नाही. तिकीट काढणं एक काम, ते सुरू करणं दुसरं, आणि दोन्ही तुमची. एवढं पक्कं झालं की पुढचं सगळं तपशिलाचं आहे.

घरून निघण्याआधी

पहिलं काम बँकेच्या ॲपमध्ये. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनंतर आपल्याकडची नवी कार्डं फक्त देशात, एटीएमवर आणि दुकानातल्या मशिनवर चालतील अशीच येतात. परदेशातला वापर आणि कॉन्टॅक्टलेस या दोन्ही गोष्टी आपण स्वतः चालू करायच्या असतात. विमानतळावर नेट नाही, ओटीपी येत नाही, अशा अवस्थेत हे करायला बसू नका. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कॉन्टॅक्टलेस कार्ड न्या, फॉरेक्स कार्ड असलं तरी त्यावर ते लहरींचं चिन्ह आहे का बघा. आणि माणशी एक कार्ड हवं. नवरा-बायकोनं एकाच कार्डावर पाठोपाठ टॅप करून आत जायचं, हे चालत नाही.

दुसरं, शहरांची नावं पाट्यांवर इटालियन असतात: रोमा, मिलानो, व्हेनेत्सिया, फिरेन्झे, नापोली, तोरिनो. फ्लॉरेन्स शोधत बोर्डाखाली उभे राहिलात तर गाडी तुमच्यासमोरून निघून जाईल.

तिसरं, जायच्या तारखांना संप आहे का ते बघा. यावर पुढे येतोच, कारण तो इटलीतला ऋतू आहे.

तिकीट कुठं मिळतं

मेट्रो स्टेशनवर मशिनं असतात, त्यात इंग्रजीही असतं. बसस्टॉपवर बहुतेक ठिकाणी काहीच नसतं. तिथं शोधायचं ते तबाक्की, म्हणजे बाहेर मोठं 'टी' अक्षर असलेलं तंबाखू-सिगारेटचं दुकान. आपल्या पानटपरीचा हा चकचकीत थोरला भाऊ. तिकिटं, टपालाचे स्टॅम्प, लॉटरी, सगळं तिथंच. वर्तमानपत्रांच्या स्टॉलवरही तिकिटं मिळतात. रविवारी दुपारी यातलं बरंच बंद असतं, म्हणून शनिवारीच दोन-चार तिकिटं जास्तीची घेऊन ठेवावीत. न वापरलेलं साधं तिकीट उद्याही चालतं. शिक्का पडला नाही तोवर त्याचं घड्याळ सुरू होत नाही. दुकानात "दुए बिल्येत्ती" म्हणालात की दोन तिकिटं हातात येतात.

मशिनपाशी दोन गोष्टी सांभाळा. मोठ्या नोटेचे सुट्टे सगळी मशिनं देत नाहीत, म्हणून एक आणि दोन युरोंची नाणी जमवत राहा. आणि रोमच्या तेर्मिनीसारख्या मोठ्या स्टेशनवर कुणी हसतमुखानं "मदत करू का" म्हणत स्क्रीनवर बोट ठेवायला आला, तर सरळ नाही म्हणा. त्याला एकतर तुमचे सुट्टे हवे असतात, नाहीतर तुमचं पाकीट कुठल्या खिशात जातं ते बघायचं असतं.

आता पंच करणं. मेट्रोत प्रश्न येत नाही, फाटकच तिकीट खातं आणि परत देतं. बस-ट्राममध्ये चढल्या चढल्या दाराजवळचा डबा शोधा. कागदी तिकीट बाणाच्या दिशेनं आत सरकवा, खर्रकन आवाज येईल. मग तिकीट बाहेर काढून वाचा. तारीख-वेळ उमटली आहे का? शाई संपलेले डबे बरेच असतात. तसं झालं तर दुसऱ्या दाराजवळचा डबा बघा, तोही बंद असेल तर तिकिटावर पेननं तारीख आणि वेळ लिहून ठेवा. जवळ पेन ठेवा एवढंच सांगण्यासाठी हा परिच्छेद लिहिला म्हणा हवं तर.

कार्डानं जायचं असेल तर टॅप हाच शिक्का. पण बारीक गोष्ट ही, की सकाळी प्लॅस्टिकचं कार्ड टेकवलं तर दिवसभर तेच टेकवा. तेच कार्ड मोबाइलमध्ये असलं तरी यंत्राच्या लेखी ते वेगळं कार्ड असतं. बस बदलताना मोबाइल टेकवलात तर नवं तिकीट कापलं जातं.

रोम

रोमचं साधं तिकीट दीड युरोचं, १०० मिनिटांचं. शंभर मिनिटांत बस आणि ट्राम कितीही बदला, मेट्रो मात्र एकदाच. एकदा फाटकाबाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत मेट्रोत जाता येत नाही, मिनिटं शिल्लक असली तरी. आतल्या आत लाइन बदलणं चालतं.

मुख्य लाइन तीन: ए, बी आणि सी. ए आणि बी एकमेकींना तेर्मिनीत छेदतात, म्हणून हॉटेल तेर्मिनीच्या आसपास घेतलं की फिरणं सोपं जातं. भाग तितकासा देखणा नाही, पण आईवडील बरोबर असतील तर मी सौंदर्यापेक्षा सोय बघतो.

दोन नेहमीचे प्रवास सांगतो. तेर्मिनीहून कोलोसियमला जायचंय: निळी बी लाइन, दिशा लाउरेन्तिना. पहिलं स्टेशन काव्हूर, दुसरं कोलोस्सेओ. बाहेर पडलात की समोर कोलोसियम असा उभा ठाकतो की लोक जिन्याच्या तोंडाशीच थबकतात आणि मागच्यांची वाट अडते. व्हॅटिकनला जायचंय: नारिंगी ए लाइन, दिशा बात्तिस्तिनी, सहावं स्टेशन ओत्तावियानो. तिथून संग्रहालय आणि सेंट पीटर चौक दोन्ही चालत. दिशा नेहमी शेवटच्या स्टेशनच्या नावानं लिहिलेली असते, आपल्या 'चर्चगेट स्लो'सारखी. ए लाइनची टोकं बात्तिस्तिनी आणि अनान्यीना. बी लाइनचं एक टोक लाउरेन्तिना, दुसरीकडे ती दुभंगते आणि एक फाटा रेबिब्बियाला, दुसरा योनियोला जातो.

पँथेऑनचं प्राचीन मंदिर, पियात्सा नावोना हा चौक, हा जुन्या रोमचा गाभा मेट्रोच्या नकाशावर रिकामा दिसतो. जमिनीखाली दोन-अडीच हजार वर्षांचं रोम आहे; जिथं खणाल तिथं काहीतरी सापडतं आणि काम थांबतं. तिथं बस किंवा पाय. तेर्मिनीहून व्हॅटिकनच्या दिशेनं जाणारी ६४ नंबरची बस बरोबर या गाभ्यातून जाते. लार्गो आर्जेन्तिनाला उतरलात की पँथेऑन पाच-सात मिनिटांवर. ही बस पर्यटकांत जितकी प्रसिद्ध तितकीच खिसेकापूंत. त्रास्तेवेरे या जुन्या वस्तीत जेवायला जायचं असेल तर पियात्सा व्हेनेत्सियापासून ८ नंबरची ट्राम.

रोमच्या बसस्टॉपची पाटी वाचता आली पाहिजे. प्रत्येक नंबराखाली स्टॉपची उभी यादी असते, तुम्ही उभे आहात तो स्टॉप चौकटीत किंवा ठळक. बस त्याच्या खालच्या नावांकडे जाते. हवं ते नाव चौकटीच्या वर असेल तर तुम्ही रस्त्याच्या चुकीच्या बाजूला आहात. बस दिसली की हात करा. न करता उभं राहिलात तर ती थांबेलच असं नाही. चढायचं पुढच्या किंवा मागच्या दारानं, उतरायचं मधल्या. उतरायच्या आधी बटण दाबायचं.

पाटीवरचा आणखी एक सापळा, आणि हा अख्ख्या इटलीत आहे. वेळापत्रकावर 'फेरियाले' आणि 'फेस्तीवो' असे दोन रकाने असतात. फेरियाले ऐकून सुट्टीचा दिवस वाटतो, पण अर्थ उलटा: फेरियाले म्हणजे कामाचे दिवस, सोमवार ते शनिवार. फेस्तीवो म्हणजे रविवार आणि सणवार. रविवारी फेरियालेचा रकाना बघून उभे राहिलेले लोक मी पाहिलेत. त्यांतला एक मीच होतो.

मेट्रो साधारण सकाळी साडेपाच ते रात्री साडेअकरा, शुक्रवार-शनिवारी रात्री दीडपर्यंत. त्यानंतर रात्रीच्या बस, ज्यांच्या नंबरापुढे 'एन' असतं आणि पाटीवर घुबडाचं चित्र. दहा वर्षांखालच्या मुलांना रोममध्ये मोठ्यांबरोबर तिकीट लागत नाही. वयाच्या पुराव्याला पासपोर्टची झेरॉक्स ठेवा.

फ्युमिचिनो विमानतळावरून शहरात यायला दोन गाड्या. लिओनार्दो एक्स्प्रेस थेट तेर्मिनीला, ३२ मिनिटं, १४ युरो. दुसरी एफएल-१ ही साधी गाडी, ८ युरो, पण ती तेर्मिनीला जातच नाही. ती त्रास्तेवेरे, ओस्तिएन्से, तिबुर्तिना असं जाते. तुमचं हॉटेल त्या बाजूला असेल तर हीच घ्या, पैसे आणि वेळ दोन्ही वाचतात. दीड युरोचं शहरी तिकीट या दोन्हींवर विमानतळासाठी चालत नाही. मात्र त्याच दीड युरोत ओस्तिया आन्तिका या प्राचीन बंदराच्या अवशेषांपर्यंत जाता येतं: बी लाइननं पिरामिदे, तिथं शेजारच्याच स्टेशनातून लिदोची गाडी. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पोंपेईला जायला वेळ नसेल त्यांनी अर्धा दिवस इथं घालवावा. गर्दी कमी, सावली जास्त.

मिलान

मिलानवर फार लिहायची गरज नाही, कारण तिथं सगळं चालतं. पाच मेट्रो लाइन, रंगांनी ओळखायच्या: एम-१ लाल, एम-२ हिरवी, एम-३ पिवळी, एम-४ निळी, एम-५ जांभळट. तिकीट २.२० युरो, ९० मिनिटं. दिवसाचं ७.६० युरो. कार्ड टॅप करत फिरलात तर यंत्र स्वतःच हिशेब ठेवतं आणि शहरापुरत्या प्रवासाला दिवसाच्या तिकिटापेक्षा जास्त कापत नाही, म्हणून आधी काही विकत घ्यायची गरजच नाही. १४ वर्षांखालची मुलं फुकट.

एकच पथ्य: मिलानच्या मेट्रोत बाहेर पडतानाही तिकीट किंवा कार्ड लागतं. आत शिरल्यावर तिकीट चुरगाळून फेकणाऱ्यांची फजिती होते. आणि साधं तिकीट शहर आणि लगतच्या भागापुरतं आहे. प्रदर्शनाच्या मैदानाचं रो फिएरा स्टेशन त्याच्या पलीकडच्या झोनमध्ये येतं, त्याला जास्तीचं तिकीट लागतं. कामानिमित्त प्रदर्शनाला जाणारे आपले उद्योजक इथं हमखास अडकतात.

लिनाते विमानतळ एम-४ वर आहे. ही लाइन ऑक्टोबर २०२४ मध्ये पूर्ण झाली आणि आता विमानतळावरून सान बाबिला, म्हणजे ऐन शहराच्या मध्यात, साध्या २.२० च्या तिकिटात पोचता येतं. आपली बहुतेक आंतरराष्ट्रीय विमानं मात्र मालपेन्साला उतरतात. तिथून मालपेन्सा एक्स्प्रेस दोन वेगवेगळ्या ठिकाणी जाते: काही गाड्या कादोर्नाला, काही चेन्त्रालेला. चढण्याआधी शेवटचं स्टेशन वाचा.

वेळ असेल तर १ नंबरच्या ट्राममध्ये बसा. या मार्गावर १९२८ सालच्या बनावटीच्या पिवळ्या ट्राम अजून धावतात. आत लाकडी बाकं, पितळी दांडे, काचेचे गोल दिवे. स्काला नाट्यगृहावरून आणि किल्ल्याजवळून ती खडखडत जाते. प्रेक्षणीय स्थळांची बस घेऊन वीस-पंचवीस युरो घालवण्यापेक्षा मला हे जास्त आवडतं.

व्हेनिस

इथं बस म्हणजे बोट. वापोरेत्तो. आणि इथं पहिली चूक बोटीच्याही आधी होते. व्हेनिसची स्टेशनं दोन आहेत: मेस्त्रे हे जमिनीवरचं, सान्ता लुचिया हे पाण्यातलं. दोन्हींच्या नावात व्हेनेत्सिया असतं. हॉटेल मेस्त्रेत नसेल तर तिथं उतरू नका, शेवटच्या स्टेशनपर्यंत बसून राहा. सान्ता लुचियाच्या दारातून बाहेर आलात की पायऱ्यांखाली थेट ग्रँड कॅनॉल, शहराचा मुख्य कालवा.

तिकीट महाग आहे, आधीच मन घट्ट करा. एका तिकिटाला ९.५० युरो, ७५ मिनिटं. त्यामुळे इथं पास घेण्याचा हिशेब करावाच लागतो. २४ तासांचा २५ युरो, ४८ तासांचा ३५, ७२ तासांचा ४५. म्हणजे चोवीस तासांत तीन वेगळ्या फेऱ्या होणार असतील तर पास, दोनच असतील तर सुटी तिकिटं. आणि हे तास पहिल्या टॅपपासून मोजतात, मध्यरात्री संपत नाहीत. दुपारी दोनला पोचलात, टॅप केलंत, तर दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत तुमचं राज्य. पहिल्या संध्याकाळी ग्रँड कॅनॉल, दुसऱ्या सकाळी बेटं, आणि दोनच्या आत शेवटची बोट: एका पासात दोन दिवस बसवता येतात.

पास असला तरी प्रत्येक वेळी चढण्याआधी धक्क्यावरच्या यंत्राला टेकवायचा. हिरवा दिवा, बीप, मग पुढे. विमानतळावरच्या बसला आणि बोटीला हा पास चालत नाही. विमानतळावरून येणाऱ्या आलिलागुना बोटी वेगळ्या कंपनीच्या, त्यांचं तिकीट वेगळं.

१ नंबरची बोट ग्रँड कॅनॉलमधून प्रत्येक धक्क्यावर थांबत जाते, स्टेशनपासून सान मार्को या मुख्य चौकाला पाऊण तास. २ नंबरची कमी थांबते. पहिल्यांदा जाणाऱ्यानं १ नंबरच घ्यावी, शक्यतो सूर्यास्ताच्या सुमारास, आणि जुन्या बोटीत पुढच्या टोकाला उघड्यावर काही खुर्च्या असतात तिथं जागा मिळते का बघावं. मुरानोला जायला अनेक बोटी आहेत; बुरानो या रंगीत घरांच्या बेटासाठी १२ नंबर, ती उत्तरेकडच्या फोंदामेंते नोवे धक्क्यावरून सुटते. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर तिथं रांग लागते. नऊच्या आत जा.

मोठ्या धक्क्यांवर तरंगते प्लॅटफॉर्म अनेक असतात, ए, बी, सी असे. एकाच नंबरची बोट एका प्लॅटफॉर्मवरून सान मार्कोकडे, दुसऱ्यावरून उलट दिशेनं. बोट लागली की दोराचा फेरा टाकणाऱ्या माणसाला नुसतं "सान मार्को?" विचारा. तो मानेनंच हो किंवा नाही सांगतो, आणि त्याची मान कधी चुकत नाही.

ग्रँड कॅनॉलवर पूल चारच आहेत. मधेच पलीकडे जायचं असेल तर काही ठिकाणी त्राघेत्तो मिळतो: साधी, सजावट नसलेली गोंडोला, दोन युरोंत या तीरावरून त्या तीरावर. दोन मिनिटांचा प्रवास, पुष्कळ लोक उभ्यानंच करतात. गोंडोलाच्या फेरीला नव्वद युरो मोजायचे नसतील त्यांची हौस इथं भागते. आई उभी राहायला तयार नव्हती, तिला फळीवर बसवलं, आणि पलीकडे उतरल्यावर ती म्हणाली, "आपल्या तरीसारखंच की."

तरीही खरं सांगायचं तर व्हेनिस चालण्याचं शहर आहे. स्टेशनपासून सान मार्को चालत अर्धा-पाऊण तास, भिंतींवर "पेर रिआल्तो", "पेर सान मार्को" अशा पिवळ्या पाट्या आहेत. अडचण फक्त बॅगांची, कारण प्रत्येक पुलाला पायऱ्या. सामान असताना बोट, मोकळे असताना पाय.

नेपल्स आणि पोंपेई

नेपल्समध्ये तिकीट घेताना एक शब्द महत्त्वाचा: ते एकाच कंपनीचं आहे की 'इन्तेग्रातो'. स्वस्त तिकीट एका कंपनीच्या गाडीपुरतं असतं. मेट्रो १ वरून मेट्रो २ वर जायचं तर कंपनी बदलते, कारण एकीला शहराची कंपनी चालवते आणि दुसरीला रेल्वे. बदल होणार असेल तर इन्तेग्रातोच मागा.

मेट्रो १ ची स्टेशनं मुद्दाम बघायची आहेत. २०१२ साली उघडलेल्या तोलेदो स्टेशनात सरकत्या जिन्यानं खाली जाताना निळ्या मोझॅकचा पाण्याखाली गेल्यासारखा भास होतो, आणि वर छताला प्रकाशाचं भोक. एका तिकिटात वस्तुसंग्रहालय. डोंगरावरच्या व्होमेरो भागात जायला फ्युनिक्युलर, म्हणजे तारेनं ओढली जाणारी तिरकी गाडी. शहरात अशा चार आहेत आणि त्या सार्वजनिक वाहतुकीचाच भाग आहेत.

पोंपेईसाठी चिर्कुमवेसुवियाना ही गाडी. नापोली चेन्त्रालेच्या खालच्या मजल्यावर गारिबाल्दी स्टेशन आहे, तिथून सोरेन्तोच्या दिशेची गाडी घ्यायची आणि 'पोंपेई स्कावी - व्हिला देई मिस्तेरी' याच नावाच्या स्टेशनवर उतरायचं. नुसतं 'पोंपेई' लिहिलेलं दुसरं स्टेशन दुसऱ्या मार्गावर आहे, ते आजच्या गावाचं. गाडीला एसीची अपेक्षा ठेवू नका, उन्हाळ्यात दादरची आठवण येईल. बसायला जागा हवी असेल तर गारिबाल्दीच्या आधीचं, पहिलं स्टेशन पोर्ता नोलाना. चालत दहाएक मिनिटं, पण गाडी तिथूनच रिकामी सुटते.

फ्लॉरेन्स आणि बाकीचे

फ्लॉरेन्सचा जुना भाग एवढासा आहे की तिकिटाची गरज पडते ती तीनच वेळा: विमानतळावरून टी-२ ट्राम, पियात्साले मिकेलांजेलोची टेकडी, आणि फिएसोले या टेकडीवरच्या गावाला जाणारी ७ नंबरची बस. तिकीट १.७० युरो, ९० मिनिटं, ट्राम-बस दोन्हींना. बोलोन्याच्या विमानतळावरून मोनोरेल सात मिनिटांत स्टेशनला आणते, पण अंतराच्या मानानं फार महाग. तोरिनोला ड्रायव्हर नसलेली मेट्रो आहे, २००६ च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या वेळी सुरू झालेली. मुलांना सगळ्यात पुढच्या काचेपाशी उभं करा. जेनोव्हात चढ इतके, की लिफ्ट आणि फ्युनिक्युलर यासुद्धा शहर वाहतुकीत मोडतात.

एका शहरातून दुसऱ्यात

फ्रेच्चारोस्सा आणि इतालो या वेगवान गाड्यांच्या तिकिटावर डबा, सीट, वेळ ठरलेली असते. ती पंच करायची नसतात. आधी काढली तर बरीच स्वस्त मिळतात. 'रेजिओनाले' म्हणजे आपली पॅसेंजर. तिचं भाडं ठरलेलं, आधी काढून फायदा नाही, आणि तिचं कागदी तिकीट प्लॅटफॉर्मवरच्या यंत्रात पंच केल्याशिवाय चढायचं नाही. मोबाइलवर काढलं असेल तर चढण्याआधी त्यातलं चेक-इन दाबायचं. तीच कूपनाची गोष्ट, फक्त पडद्यावर.

स्टेशनवर पिवळे तक्ते सुटणाऱ्या गाड्यांचे, पांढरे येणाऱ्यांचे. 'बिनारियो' म्हणजे प्लॅटफॉर्म. तो कधीकधी पाच मिनिटं आधी बदलतो, म्हणून छापील तक्त्यापेक्षा वरच्या स्क्रीनवर डोळा ठेवा.

संप

इटालियन शब्द 'शोपेरो'. तिथला संप अचानक येत नाही. तो आधी जाहीर होतो, परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तारखांची यादी असते, आणि बऱ्याचदा दिवस शुक्रवार असतो. १९९० च्या कायद्यानं अत्यावश्यक सेवा म्हणून काही तास गाड्या चालवाव्याच लागतात. प्रादेशिक रेल्वेला कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९. रोममध्ये सहसा सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी ५ ते ८, मिलानमध्ये पावणेनऊपर्यंत आणि दुपारी ३ ते ६. म्हणून संपाच्या दिवशी करायचं ते असं: सकाळी सातला बाहेर पडा, दूरचं ठिकाण आधी गाठा, दुपार तिथल्याच परिसरात पायी घालवा, आणि संध्याकाळच्या वेळेत परत या. विमान त्या दिवशी असेल तर मात्र धोका पत्करू नका, विमानतळाच्या जवळ मुक्काम हलवा.

गर्दीत

खिसेकापू चाकू दाखवत नाहीत, ते गर्दी करतात. मेट्रोचं दार बंद होता होता तीन-चार जणी अचानक तुमच्याभोवती दाटल्या की बॅग पोटाशी घ्या आणि सरळ त्यांच्याकडे बघा. फोन दाराजवळ हातात धरू नका. पासपोर्ट आणि जास्तीचं कार्ड एकाच पाकिटात ठेवू नका. लोकलनं वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, पण सुट्टीवर गेलं की तोही ढिला पडतो.

वडीलधारी बरोबर असतील तर स्टेशनवर 'अशेन्सोरे' ही पाटी शोधा, म्हणजे लिफ्ट. ती बंद असण्याची शक्यता धरून वेळ हाताशी ठेवा. एक मेट्रो चुकवून पुढची घेणं केव्हाही बरं, ती सहसा थोड्या मिनिटांत येतेच.

आणि भाषेचं म्हणाल तर उतरताना दोन शब्द पुरतात. वाट हवी असेल तर "पेरमेस्सो". आणि समोरचा माणूस दारात खांब होऊन उभा असेल तर "शेंदे?", म्हणजे "उतरताय का?" 'पुढे दादर का?' म्हणून विचारतो ना, तसंच आणि त्याच सुरात. आई हे दुसऱ्याच दिवशी शिकली. ६४ नंबरच्या बसमध्ये एका धिप्पाड गृहस्थाच्या पाठीवर बोटानं टकटक करून तिनं विचारलं, "शेंदे?" तो दचकून बाजूला झाला, आणि त्याच्यामागून आम्ही सगळे लार्गो आर्जेन्तिनाला उतरलो.